झोन तीनच आहे, पण जमीन सगळीकडे एक नाही: आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. शेजारच्या सोसायटीच्या माती तपासणीच्या रिपोर्टवर काम भागलं असतं, नवी मुंबई सगळी भूकंपाच्या झोन तीनमध्येच येते, तरी आम्ही चार बोअर (माती तपासायला घेतलेली खोल भोकं) आणि वर वेव्ह टेस्ट लावून बिल वाढवलं, रिपोर्ट उशिरा दिला आणि भूकंपाची भीती घालून पायलिंग (जमिनीत खोल जाणाऱ्या खांबांचा पाया) गळ्यात मारलं, असं तुमचं म्हणणं. रीडेव्हलपमेंटमध्ये कमिटीला सभासदांपुढे पैशापैशाचा हिशेब ठेवावा लागतो, हे मला माहीत आहे. पण हे वाचून दुसरी एखादी सोसायटी माती तपासणीच टाळेल, म्हणून इथेच उत्तर देतो.

झोन प्रदेशाचा असतो, प्लॉटचा नाही. आयएस 1893 या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत झोन तीनचा 0.16 हा धोक्याचा आकडा घेतला की लगेच जमीन विचारतात: कठीण, मध्यम की मऊ? एक सेकंद पिरियडच्या, म्हणजे एकदा मागेपुढे डोलायला एक सेकंद घेणाऱ्या टॉवरला मऊ जमिनीवर खडकाच्या 1.67 पट भूकंपाचा जोर हिशेबात धरावा लागतो. झोन तोच राहतो.

तुमच्या प्लॉटवर भरावाखाली खाडीची काळी चिकणमाती निघाली. बोअरमध्ये नळी ठोकून करायच्या टेस्टमध्ये 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून सोडतात, पहिले 15 सेंटिमीटर सोडून पुढचे 30 जायला किती ठोके लागले ते मोजतात. 10 च्या आत आले तर जमीन मऊ. खाडीकडच्या दोन्ही बोअरमध्ये नळी दोन-तीन ठोक्यांतच खाली गेली, तुमचे सेक्रेटरी तेव्हा तिथेच उभे होते. रस्त्याकडच्या बोअरला मात्र बराच वर मुरूम लागला. एका प्लॉटच्या दोन टोकांत एवढा फरक, मग शेजारच्या रिपोर्टवर कसं विसंबायचं? बोअरमधून त्या जागेपुरतंच कळतं. मधली जमीन समजावी म्हणून ओळीने जिओफोन (जमिनीची थरथर टिपणारी उपकरणं) लावून, घणाचा ठोका देऊन तरंगांचा वेग मोजला, हीच ती वेव्ह टेस्ट. वेग कमी म्हणजे थर मऊ, आणि असा थर खालून आलेला हादरा वाढवू शकतो.

उशीर लॅबमुळे झाला. चिकणमाती किती खचेल हे पाहताना प्रत्येक वजन 24 तास ठेवावं लागतं, मग पुढचं. घाई केली तर आकडा खोटा येतो. आणि या मातीवर भूकंप नसतानाही इमारत खचते, पायलिंगमागे तेही कारण आहे. तो निर्णय तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचा आहे.

आता भीतीचं. 1985 च्या भूकंपाचं केंद्र मेक्सिको सिटीपासून साडेतीनशे किलोमीटरहून लांब होतं. तरी जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेल्या भागात, त्याच शहरातल्या कठीण जमिनीपेक्षा चार-पाच पट जोराचा हादरा नोंदला गेला. मधल्या उंचीच्या इमारती सर्वांत जास्त पडल्या. 26 जानेवारी 2001 ला भूजपासून दोनशे किलोमीटरहून लांब अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळून शेकडो माणसं गेली. बांधकामं कच्ची होती हे खरंच, पण खालच्या गाळाच्या जाड थरानेही हादरा वाढवला होता. हे सांगायला मी कचरणार नाही.

दिल्ली, बंगळूर, जबलपूर इथे मातीनुसार धोक्याचे नकाशे करण्याचं काम झालं आहे. कुठे किती उंच बांधू द्यायचं, शाळा-हॉस्पिटल कुठे नको, हे ठरवायला असाच आधार लागतो. आपल्याकडे मात्र प्रत्येक सोसायटीचे बोअरलॉग (किती खोलीवर कोणता थर लागला त्याच्या नोंदी) तिच्या कपाटातच राहतात. तुमचे बोअरलॉग तुमच्या मालकीचे आहेत. ते महापालिकेच्या फाइलला जोडा आणि शेजारची सोसायटी मागेल तर तिलाही द्या. तपासणी त्यांनी स्वतःचीच करावी, पण बोअर कुठे आणि किती खोल घ्यायचे हे ठरवायला तुमचे कागद उपयोगी पडतील.

तुमचे नमुने आणि कोअर बॉक्स (बोअरमधून निघालेल्या खडकाच्या तुकड्यांच्या पेट्या) आमच्या लॅबमध्ये ठेवलेले आहेत. तुमच्या इंजिनिअरला घेऊन या, माती हातात घेऊन बघा. बिलातली प्रत्येक बाब मी स्वतः बसून समजावून देईन.