कोलायटिस म्हणजे पोटात जंतू? त्या मेसेजला उत्तर

कोलायटिसवरचा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नावात ‘आयटिस’ आलं की इन्फेक्शन समजायचं, कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्यात जंतू, अँटिबायोटिकचा कोर्स करा, तिखट सोडा, बरं वाटलं की गोळ्या बंद.

सुरुवातच चुकली आहे. ‘आयटिस’ हा मूळचा ग्रीक प्रत्यय, आज तो दाह सांगतो. ‘कोलन’ म्हणजे मोठं आतडं. दाह कुठे आहे एवढंच नावात आहे, कशाने झाला ते नाही. जंतू हे त्यातलं एक कारण. आतड्याचा रक्तपुरवठा कमी पडला तर इस्केमिक कोलायटिस होतो, तो बहुधा उतारवयात. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये प्रतिकारशक्तीच आतड्याच्या अस्तरावर उलटते. दाह गुदाशयापासून सुरू होऊन सलग वर सरकत जातो.

अँटिबायोटिकचा सल्ला तर सरळसरळ घातक. क्लिंडामायसिनसारख्या औषधाने आतड्यातले कामाचे जंतू मेले की क्लॉस्ट्रिडिऑइड्स (जुनं नाव क्लॉस्ट्रिडियम) डिफिसिल नावाचा उपद्रवी जंतू माजतो आणि त्याचाच कोलायटिस होतो. घ्या, आणखी एक दुखणं! आव पडत असेल आणि कारण अमीबा निघालं, तर मेट्रोनिडाझोल हवंच. पण तोच अमीबा अल्सरेटिव्ह कोलायटिस समजून स्टिरॉइड सुरू केलं तर आतडं फुटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. म्हणून आधी शौचाची तपासणी, मग गरजेप्रमाणे दुर्बीण आणि बायॉप्सी, म्हणजे अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासणं. मायक्रोस्कोपिक कोलायटिसमध्ये तर दुर्बिणीतून अस्तर बहुधा ठणठणीत दिसतं. दाह सापडतो तो बायॉप्सीच्या काचपट्टीवर.

तिखटाबद्दल फार बोलायला नको. दुखऱ्या आतड्याला ठेचा झोंबेल, पण ठेच्याने अल्सरेटिव्ह कोलायटिस होत नाही.

‘बरं वाटलं की बंद’ हे मात्र महागात पडतं. अल्सरेटिव्ह कोलायटिस शांत असतानाही मेसालामाइनसारखं औषध चालू ठेवतात, कारण सोडलं की तो उलटण्याची शक्यता वाढते. दुखणं जुनं झालं की आतड्याच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो. साधारण 8 वर्षांनंतर ठरावीक अंतराने कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करायला सांगतात ती त्यासाठी.

या गोंधळाला डॉक्टरांचाही थोडा हातभार आहे. आयबीएसला (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्याच्या कामातला बिघाड) पूर्वी ‘स्पास्टिक कोलायटिस’ म्हणत, दाहाचा पत्ता नसताना. जुन्या फायलींत तो शब्द अजून सापडतो. पण शौचावाटे रक्त जाणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, घटतं वजन ही आयबीएसची लक्षणं नव्हेत. अशा वेळी ‘मूळव्याध असेल’ म्हणून घरी बसू नका, पोटविकारतज्ज्ञांना दाखवा.