चौकशी अहवाल ही कोणाची खासगी मालमत्ता?

खडीचा थर किती जाडीचा पडला, मोजमाप पुस्तिकेत किती लिहिला आणि बिल कितीचं निघालं, यात कोणाचं खासगी आयुष्य आलं? एका रस्त्याच्या कामाची चौकशी झाली, अहवाल वर गेला. त्याची प्रत माहिती अधिकारात मागितली, तर परवा उत्तर आलं: "मागणी केलेली माहिती ही त्रयस्थ पक्षाची वैयक्तिक माहिती असल्याने कलम ८(१)(ञ) अन्वये देता येत नाही." दीड ओळ, विषय संपला. रस्ता सरकारी, पैसा लोकांचा, चौकशी करणारा सरकारी पगारावर, चौकशी झाली तोही सरकारी पगारावर, तीही त्याने खुर्चीत बसून केलेल्या कामाची. आणि अहवाल म्हणे वैयक्तिक!

कार्यालय कोणतं ते सोडा. हाच मसुदा आता तहसीलपासून महापालिकेपर्यंत फिरतोय, फक्त वरचं लेटरहेड बदलतं.

ते पत्र जरा जवळून बघा. पत्रावरची तारीख ३० दिवसांच्या मुदतीतली, पाकिटावरचा टपालाचा शिक्का मुदत उलटल्यानंतरचा. जावक क्रमांकाची जागा टाइप करताना मोकळी सोडलेली, आकडा नंतर पेनाने भरलेला. म्हणजे पत्र आधी तयार झालं की जावक नोंद आधी झाली, हे ती नोंदवही उघडल्याशिवाय कळणार नाही. खाली सही म्हणजे एक वळवळती रेघ, तिच्याआधी "करिता", तिच्याखाली "जन माहिती अधिकारी तथा" आणि त्यावर नेमका गोल शिक्का मारलेला. कोणी सही केली? नाव नाही. अपील कोणाकडे करायचं, किती दिवसांत करायचं? तेही नाही. कलम ७(८) स्वच्छ सांगतं की नकार दिला तर कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय प्राधिकाऱ्याचा तपशील कळवायचा. तीन गोष्टी. त्यातली एक अर्धवट, बाकीच्या दोन गायब. वीस वर्षं झाली कायद्याला, अजून नकाराचं पत्र धड लिहिता येत नाही यांना!

आणि "त्रयस्थ पक्ष" म्हणताय, तर त्या पक्षाला विचारलंत का? कलम ११ मध्ये त्याची रीत दिलेली आहे. अर्ज आल्यापासून ५ दिवसांत त्याला नोटीस, म्हणणं मांडायला १० दिवस, ४० दिवसांत निर्णय. त्याने "देऊ नका" म्हटलं तरी तो नकाराधिकार नव्हे, निर्णय माहिती अधिकाऱ्यानेच कारणं देऊन घ्यायचा. इथे नोटीसही नाही आणि कारणंही नाहीत. नुसतं "त्रयस्थ" लिहिलं की काम भागतं, कारण समोरचा माणूस कंटाळून घरी बसेल याची यांना खात्री असते.

या "आठ एक जे"चा (तेच ते ८(१)(ञ), इंग्रजीत j) धंदा आजचा नाही. २०१२ साली गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्याला दिलेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा, शिक्षा आणि मालमत्तेची विवरणपत्रं ही वैयक्तिक माहिती धरली, आणि तेव्हापासून प्रत्येक कार्यालयाच्या ड्रॉवरमध्ये त्या निकालाची झेरॉक्स पडून आहे. त्याच निकालात व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते असंही म्हटलंय. तो परिच्छेद कुठल्याच झेरॉक्समध्ये नसतो. तरी तेव्हा मूळ कलमात दम होता. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा विनाकारण खासगीपणावर घाला घालणारी माहितीच नाकारता येत होती, आणि जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं खाली लिहिलेलं होतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ४४(३) ने हे सगळं पुसलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती दुरुस्ती लागू झाली आणि आता तिथे उरलंय फक्त "वैयक्तिक माहिती". तुमचा आधार क्रमांक, मोबाईल नंबर, बोटांचे ठसे कुठे कुठे साठवलेत कोणाला पत्ता नाही, पण निकृष्ट कामाचं बिल पास करणाऱ्या अभियंत्याचं नाव मात्र जपायचं! संताप येतो तो याचा.

बरं, दुरुस्तीनंतरही सगळं बंद झालेलं नाही. कलम ८(२) जागेवर आहे: जनहित हानीपेक्षा मोठं असेल तर अपवादातली माहितीसुद्धा देता येते. कलम १० जागेवर आहे: घरचा पत्ता, बँक खातं, आजारपणाची कागदपत्रं काळी करा आणि उरलेला अहवाल द्या. कलम १९(५) जागेवर आहे: नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी माहिती अधिकाऱ्याची, अर्जदाराची नाही. पहिल्या अपिलात हे तिन्ही आकडे लिहा, नुसतं "माहिती मिळाली नाही" लिहू नका. नुसतं तेवढं लिहिलं की "जन माहिती अधिकारी यांनी विहित मुदतीत उत्तर दिलेले आहे, सबब अपील निकाली" असा शेरा पडतो.

मुळात ही सगळी धडपड एका गोष्टीसाठी चालते, ती म्हणजे कागदावर नाव येऊ नये. चूक "कार्यालयाकडून" होते, विलंब "प्रशासकीय कारणास्तव" होतो, नुकसान "तांत्रिक बाबींमुळे" होतं. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर अनुपालन अहवालात "संबंधितांवर जबाबदारी निश्चित करण्याची कार्यवाही सुरू आहे" हे वाक्य वर्षानुवर्षं तसंच पुढे सरकत राहतं. संबंधित म्हणजे कोण? सहायक, उपअभियंता, कार्यकारी अभियंता, कोण? मोजमाप पुस्तिकेवर सह्या आहेत, टिपणीवर सह्या आहेत, देयकावर सह्या आहेत. अर्ध्या तासात निश्चित होईल जबाबदारी, कोणाला करायचीच असेल तर.

आणि तक्रार करून बघा. आपले सरकार पोर्टलवर टाका, जिल्हाधिकाऱ्यांना द्या, थेट मंत्रालयात द्या. ती एकेक पायरी खाली उतरत नेमकी त्याच टेबलावर येते ज्याच्याविरुद्ध ती आहे. वर चिकटवलेलं पत्र: "नियमोचित कार्यवाही करून तक्रारदारास परस्पर कळवावे व केलेल्या कार्यवाहीबाबत या कार्यालयास अवगत करावे." परस्पर! ज्याच्यावर आरोप आहे त्याने स्वतःच तपासायचं, स्वतःच उत्तर द्यायचं आणि तक्रारदाराचं नाव, पत्ता, फोन नंबर त्याच्या हातात. पोर्टलवर शेरा "निकाली". ज्याने ज्येष्ठतेत किमान एक पायरी वरच्या अधिकाऱ्याकडे चौकशी न देता हे पृष्ठांकन केलं, म्हणजे ते पत्र चिकटवून तक्रार खाली ढकलली, त्याला कधी कोणी जाब विचारलाय?

दफ्तर दिरंगाईचा कायदा २००५ चा. कलम १० म्हणतं, एका कर्मचाऱ्याकडे फाईल ७ कार्यालयीन दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. तातडीची असेल तर ४ दिवस, तात्काळ असेल तर १ दिवस. दुसऱ्या विभागाकडे जायची गरज नसेल तर ४५ दिवसांत निर्णय, गरज असेल तर ३ महिन्यांत. मग फाईल दोन-दोन वर्षं कशी राहते? अशी: सातव्या दिवशी एक त्रुटी काढायची. पूर्तता आली की दुसरी. सगळ्या त्रुटी एकदम काढायच्या नाहीत, एकेक काढायची, म्हणजे प्रत्येक वेळी घड्याळ नव्याने सुरू. ते जमलं नाही तर टिपणीवर "चर्चा करावी" लिहायचं आणि चर्चेला वेळ द्यायचा नाही. तोंडी सांगायचं, लेखी काही द्यायचं नाही. म्हणून अर्ज देताना कार्यविवरण नोंदवहीतला (टेबलावर आलेल्या कागदांची नोंद ठेवायची वही) त्या प्रकरणाचा उतारा आणि टिपणी भागाची प्रत मागा. कोणत्या तारखेला कोणाकडे आली, कोणत्या तारखेला कोणी पुढे सोडली, नाव आणि पदनाम. ई-ऑफिसवरची फाईल असेल तर हालचालीचा तपशील क्षणात निघतो, तो "संकलित स्वरूपात उपलब्ध नाही" हे उत्तर मुळीच मान्य करू नका. प्रत देत नसतील तर अभिलेख पाहायला मागा. जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहू द्यायचा शासन निर्णय २०१८ चा आहे. किती कार्यालयांच्या दारावर तो लावलाय?

सेवा हमी कायद्याचीही तीच गत. २०१५ च्या कायद्यात पदनिर्देशित अधिकारी, म्हणजे ती सेवा द्यायला नेमलेला अधिकारी आहे, मुदत आहे, ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. पण मुदत परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून मोजतात आणि तो कधी मिळाला याचा पुरावा म्हणजे पोच, म्हणून पोचच द्यायची नाही. "ठेवून जा, बघतो." त्या "बघतो"ने किती म्हाताऱ्या माणसांच्या फेऱ्या वाढवल्यात!

आता दंडाचं बघा. माहिती अधिकारात दिवसाला २५० रुपये, कमाल २५,०००. म्हणजे बरोबर १०० दिवसांत कमाल गाठली जाते. त्यानंतर हजार दिवस माहिती अडवली तरी रुपयाने वाढ नाही. दुसरं अपील माहिती आयोगात त्या शंभर दिवसांहून कितीतरी जास्त पडून राहतं, तोवर तो माहिती अधिकारी बदलून गेलेला असतो आणि नवीन आलेला म्हणतो, माझ्या काळातलं नाही. २००५ पासून ती कमाल तशीच आहे, त्यांचे वेतन आयोग मात्र दोनदा बदलले. प्रथम अपिलीय अधिकाऱ्याला तर दंडच नाही! त्याने ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निर्णय द्यायचा, नाही दिला तर कलम २० त्याला हात लावत नाही. कायद्यातलं सगळ्यात मोठं भोक हेच.

आणि जिथे दंड बसतो तिथेही बहुतेकदा खालचाच सापडतो. फाईल साहेबांच्या केबिनमध्ये, आणि माहिती अधिकारी म्हणून नेमलेला अव्वल कारकून किंवा नायब तहसीलदार वर तोंड उघडू शकत नाही. त्याच्यासाठी कलम ५(४) आणि ५(५) आहे. त्याने लेखी सहाय्य मागितलं आणि वरच्याने दिलं नाही, तर तो वरचाच माहिती अधिकारी समजला जातो, दंडासकट. ते एक ओळीचं पत्र लिहायची हिंमत कोणी करत नाही, कारण गोपनीय अहवाल त्याच साहेबाच्या हातात.

लाच घेताना सापळ्यात सापडलेल्याचं काय होतं हे आपल्याला पाठ आहे. ४८ तासांहून जास्त कोठडी झाली की मानीव निलंबन, म्हणजे तो आपोआप निलंबित समजला जातो, तीन महिने अर्ध्या पगाराइतका निर्वाह भत्ता, नंतर तो ७५ टक्क्यांपर्यंत. खटल्याला मंजुरी तीन महिन्यांत द्यायची, विधी सल्ल्यासाठी आणखी एक महिना, असं लाचलुचपत कायद्यात २०१८ पासून लिहिलंय. तरी मंजुरी रेंगाळते, आणि मग आढावा समिती बसून "अकार्यकारी पदावर", म्हणजे लोकांच्या कामाशी थेट संबंध नसलेल्या पदावर, पुनःस्थापना. थोड्या दिवसांनी ते पद कसं कार्यकारी होतं ते त्या तालुक्यातल्या पोरासोरांनाही माहीत असतं.

निवडणूक लढवणाऱ्याची संपत्ती शपथपत्रात जाहीर, भारतीय प्रशासन सेवेतल्या अधिकाऱ्यांची स्थावर मालमत्ता विवरणपत्रं संकेतस्थळावर, आणि राज्य सेवेतल्या अधिकाऱ्यांची मत्ता व दायित्वं आस्थापना शाखेच्या कपाटात. का? विधानसभेला उभा राहिलेल्या अपक्षापेक्षा बिगरशेती परवानग्या देणाऱ्याच्या हातातून कमी पैसा जातो का?

विभागीय चौकशी सहा महिन्यांत, उशिरात उशिरा वर्षभरात संपवा, असं सर्वोच्च न्यायालयाने प्रेमनाथ बाली प्रकरणात २०१५ सालीच सांगितलं. इथे दोषारोपपत्राची चार जोडपत्रं तयार व्हायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. आणि त्यात घाई कोणालाच नसते, कारण निवृत्तिवेतन नियमांतला नियम २७ सगळ्यांना तोंडपाठ आहे: निवृत्तीआधी चौकशी सुरू केली नसेल, तर चार वर्षांपूर्वीच्या घटनेसाठी नंतर ती सुरू करता येत नाही. तेव्हा यापुढे चौकशी अहवाल मागताना त्याच अर्जात एक ओळ वाढवा: संबंधित अधिकाऱ्याचा नियत वयोमानाने निवृत्त होण्याचा दिनांक, आणि त्याच्यावर दोषारोपपत्र बजावल्याचा दिनांक. ज्येष्ठता यादीत जन्मतारीख आणि निवृत्तीची तारीख प्रसिद्ध केलेली असते, तिला वैयक्तिक म्हणायची सोय नाही. आणि दुसरी तारीख देत नसतील, तर दोषारोपपत्र बजावलंच नाही असं धरून लोकायुक्तांकडे लेखी तक्रार करा, निवृत्तीच्या तारखेच्या आत.