वीर्यतपासणी आधी करा

मूल होत नाही म्हणून तपासण्या करणाऱ्या एका जोडप्याबद्दल लेख वाचला. त्यात बायकोच्या सगळ्या तपासण्या झाल्यावर नवऱ्याची वीर्यतपासणी झाली. क्रम उलटा हवा होता. ही सगळ्यात सोपी, स्वस्त तपासणी. पण नमुना नीट द्यायला हवा. आधी २ ते ७ दिवस संबंध नकोत. दहा-बारा दिवस थांबून 'साठवलं' तर शुक्राणूंची हालचाल उलट मंदावते. साबण, तेल, साधा कंडोम वापरू नका. पहिल्या थेंबांतच शुक्राणू जास्त असतात, ते सांडले तर लॅबला सांगा, लाजू नका. घरून नेणार असाल तर डबी शर्टाच्या आत अंगाशी धरून तासाभरात पोचवा. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये हिंजवडीहून डेक्कनला सकाळी ते जमेल असं गृहीत धरू नका, लॅबमध्येच द्या.

२०२१च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत खालची मर्यादा मिलिलिटरला १.६ कोटी शुक्राणू, त्यांतले हालचाल करणारे एकूण ४२ टक्के. 'नॉर्मल आकार ४ टक्के' वाचून घाबरू नका, तिथे मर्यादाच तेवढी आहे. एक रिपोर्ट कमी आला म्हणून लगेच आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) नको. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे मधल्या काळातला डेंगीचा तापसुद्धा आकडा पाडतो. तीन महिन्यांनी पुन्हा करा. शुक्राणू शून्यच आले तर मात्र वाट न पाहता यूरोलॉजिस्ट गाठा.