हवा फुकट, सल्ला त्याहून फुकट

गेल्या रविवारी सकाळी घोडबंदर रोडवरच्या एका पेट्रोल पंपावर चारचौघांत माझी हवा गेली. गाडीत ती भरायला गेलो होतो, आणि तिथेही धड भरली गेली नाही.

गाडी इलेक्ट्रिक आहे. टायर गोटा झाले होते, आणि शेजारच्याच्या पेट्रोल गाडीचे अजून ठणठणीत असताना झाले होते. इलेक्ट्रिक गाडीचं ते असंच असतं. पोटात तीनशे किलोच्या आसपासची बॅटरी, त्यात पाय ठेवल्या ठेवल्या सगळी ताकद चाकांवर. घेताना शोरूममध्ये 'मेंटेनन्स शून्य' असं तीन वेळा सांगतात, टायरचं नाव कुणी काढत नाही.

टायरवाला शेठ हिरवी नंबरप्लेट बघूनच खुलला. "इलेक्ट्रिक आहे ना? मग परफॉर्मन्सवालेच घ्या. डब्ल्यू रेटिंग. ताशी २७० पर्यंत बघायलाच नको."

मी विचारलं, २७० नी जायचं कुठे?

"अटल सेतू आहे ना साहेब."

अटल सेतूवर मर्यादा १००ची. समृद्धीवर १२०. आणि माझा रोजचा रस्ता कासारवडवली ते माजिवडा, मेट्रोच्या खांबांच्या कडेकडेने, जिथे पावसाळ्यात दुसरा गिअर पडला तरी लोक एकमेकांकडे बघून हसतात. (माझ्या गाडीला गिअर नाहीत, त्यामुळे तेही सुख नाही.) परफॉर्मन्स टायरचं रबर मऊ असतं, रस्ता घट्ट धरतं, वळणावर आणि ब्रेकला उत्तम, कबूल. पण जेवढं घट्ट धरतं तेवढी बॅटरी खातं, झिजतंही लवकर. शिवाय इंजिनाचा आवाज नसल्यामुळे टायरची घरघर थेट कानात येते. हे सगळं मी शेठला सांगितलं. तो म्हणाला, "गाणी लावायची."

नको म्हटल्यावर त्याने एकदम दुसरं टोक गाठलं. "मग हा घ्या, स्वस्तातला, थोडा अरुंद आहे पण बसतो." बाजूवर ९१ लिहिलेलं. माझ्या गाडीला ९५ लागतो. "चार आकड्यांनी काय होतंय?" होतं असं की ९१चा टायर ६१५ किलो पेलतो, ९५चा ६९० किलो. चाकामागे पंच्याहत्तर, चार चाकांचे तीनशे. म्हणजे नेमकी माझी बॅटरी रस्त्यावर सोडून द्यायची! शेवटी कंपनीने सांगितलेल्या मापाचे, ९५चे, कमी बॅटरी खाणारे घेतले. पेट्रोलचे वाचवलेले पैसे एका दुपारी गेले. वर शेठच्या पोऱ्याने हवा अंदाजपंचे भरली आणि "उद्या पंपावर चेक करून घ्या" म्हणाला. चार टायरचे पैसे घेणाऱ्या दुकानात हवा मोजायचं गेज कुणीतरी घेऊन गेलं होतं.

आता मुद्दा असा की माझ्या गाडीला किती हवा लागते हे गुपित नाही. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर आहे, त्यावर छापलंय : ३६ पीएसआय, टायर थंड असताना. थंड म्हणजे गाडी दोन-तीन तास उभी असली पाहिजे, फार तर किलोमीटर-दोन किलोमीटर चाललेली. तापमान साडेपाच-सहा अंशांनी वाढलं की प्रेशर एका पीएसआयने वर जातं, म्हणून ही अट. हे लिहिणाऱ्याने घोडबंदर पाहिलेला नसावा. आमच्या सोसायटीसमोर, रस्त्याच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर पंप आहे. पण तिथे पोचायला आधी उलट दिशेने जाऊन यू-टर्न घ्यायचा, तो यू-टर्न महिन्यापूर्वी जिथे होता तिथे आता नाही, म्हणून पुढचा शोधायचा. टायर थंड ठेवायचे तर गाडी खांद्यावर घेऊन रस्ता ओलांडावा लागेल. तरी रविवार, सकाळी सात, रस्ता मोकळा, म्हणून निघालो.

पंपावरचा पोरगा पुढे आला. "पेट्रोल किती?"

"पेट्रोल नको. हवा."

त्याने नंबरप्लेट बघितली. हिरवी. मग माझ्याकडे असं बघितलं की मी लग्नात जेवून अहेर न देता निघालोय. पेट्रोल घ्या न घ्या, पंपावर हवा फुकट द्यायची असते, तेल कंपन्यांचाच तसा नियम आहे. पण नियम माहीत असणं आणि तो सकाळी सात वाजता पंपावर उच्चारणं यात फरक आहे. मी उच्चारला नाही. हसलो.

आकडा टाकला की तेवढीच हवा भरून पीं पीं करणाऱ्या मशीनवर 'बंद' असा पुठ्ठा लटकत होता. राहिला पाइप आणि काच तडकलेलं गेज.

"किती?"

"छत्तीस."

"तीस मारतो. सगळ्यांना तीसच मारतो."

मी दार उघडून स्टिकर दाखवला. त्याने तो वाचला नाही, पुसला. धूळ होती म्हणे.

आणि इथे काका आले. मागे स्कूटर लावून उभे होते. पांढरा लेंगा, वर विंडचीटर, डोक्यावर हेल्मेट, आणि ते संपूर्ण संभाषणात त्यांनी काढलं नाही. आल्या आल्या त्यांनी काही न बोलता माझ्या पुढच्या डाव्या टायरला लाथ मारली. हळू नाही, व्यवस्थित. चपलेचा अंगठा तुटेल अशी.

"कमी आहे," काका म्हणाले.

"अहो काका, मोजायचीय अजून!"

"मोजायचं काय त्यात? एसटीत होतो मी. खोपटला, वर्कशॉपात. लाथ घातली की आवाजावर कळतं. ठण्ण वाजला तर हवा आहे. तुमचा भद्द वाजला." खात्री म्हणून त्यांनी मागच्या टायरलाही एक घातली. पोरगा पाइप हातात धरून आदराने ऐकत होता. माझं त्याने एवढं कधीच ऐकलं नव्हतं.

"ही काय एसटी आहे का?" मी म्हणालो.

"वजन काय हिचं?"

नको तिथे मी खरं बोलणारा माणूस. "दीड टनाच्या आसपास."

"मग? छोटी एसटीच ती. किती सांगितलीत हवा?"

"छत्तीस."

काकांनी हेल्मेटच्या आतून नकारार्थी मान हलवली. "नवे टायर आहेत ना? नव्या वस्तूला सम आकडा देऊ नये. पस्तीस करा, नाहीतर सदतीस."

मी पोरग्याकडे बघितलं, तर तो मान डोलावत होता! ज्याला दारावरचा छापील आकडा पटत नव्हता, त्याला हे पटलं होतं. तेवढ्यात काका खाली वाकले, टायरच्या बाजूवर नाक टेकवलं आणि ओरडले, "अरे! हे बघा काय लिहिलंय. मॅक्स प्रेशर ५१! कंपनीनेच एक्कावन्न दिलाय. शुभ आकडा. भर रे एक्कावन्न!"

पुढचा काही वेळ मी पंपाच्या त्या कोपऱ्यात, मागे रिक्षांची रांग वाढत असताना, मोठमोठ्याने समजावत होतो की ते ५१ म्हणजे टायर सहन करू शकेल ती कमाल मर्यादा, रोज भरायची हवा नव्हे. जास्त भरली की टायर मधेच फुगतो, मधेच झिजतो, रस्त्यावर टेकतो कमी, ब्रेक लांब लागतो, खड्ड्यात तर दातच वाजतात. कमी भरली की कडा झिजतात, टायर तापतो आणि बॅटरी उगाच खर्ची पडते. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुम्ही करता काय?"

"बँकेत आहे."

"हां," काका म्हणाले. आणि विषय संपला.

मागचा रिक्षावाला म्हणाला, "ओ शेठ, पेट्रोल नाय भरायचं तर निदान बाजूला तरी घ्या."

शेवटी पोरग्याने सगळ्यांचा मान राखला. पुढे पस्तीस, मागे सदतीस. चौघांची सरासरी छत्तीस येते, हे मी घरी येताना हिशेब करून बघितलं आणि आणखीच चिडलो. आणि तेही त्या तडकलेल्या गेजचे आकडे, देव जाणे खरे किती. काकांनी निघताना वॉल्व्हच्या टोप्या स्वतः लावल्या. तीनच लावल्या. चौथी कुठे गेली ते कुणालाच सांगता येईना. मी पोरग्याला दहा रुपये दिले, कारण हवा फुकट असली तरी ती नजर फुकट झेलवत नव्हती. त्याने ते न बघता खिशात टाकले.

विनोद बाजूला. रस्त्यावर लाखोंनी धावणाऱ्या गाड्यांना पंपावर साधी मोजून हवा मिळू नये? मशीन बसवलं आहे, नियम आहे, स्टिकर आहे. चालू काहीच नाही. टायर फुटला की बातमीत 'चालकाचे नियंत्रण सुटले' एवढंच येतं, गेज तडकलेलं होतं हे कुठे येत नाही.

मी त्याच दिवशी गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप मागवला. बुधवारी आला. गुरुवारी पहाटे, टायर अगदी नियमाप्रमाणे थंडगार असताना, सोसायटीच्या पार्किंगमध्ये चारही टायरला मोजून छत्तीस भरली. पाचव्या मजल्यावरच्या पाटकर वहिनी खाली आल्या, ॲक्टिव्हा घेऊन. मग वॉचमनची सायकल आली. मग तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा फुटबॉल घेऊन आला. त्याची सुई मिळेना म्हणून तो रडला, तर त्याच्या आजोबांनी मला सुनावलं.

शुक्रवारी लिफ्टशेजारी नोटीस लागली : 'पार्किंगच्या जागेत कोणत्याही प्रकारची व्यावसायिक कामे करू नयेत. हुकुमावरून, सेक्रेटरी.' त्यांच्या गाडीचा मागचा उजवा टायर बसलाय. मी बघितलं आहे.