नखं ‘गुदमरत’ नाहीत

‘जेल पॉलिशखाली (दिव्याखाली कडक होणारं, बरेच दिवस टिकणारं नेलपॉलिश) नखं गुदमरतात, अधूनमधून महिनाभर मोकळी सोडा’ असा मेसेज फिरतोय. नेल टेक्निशियन म्हणून स्पष्ट सांगते, हे खरं नाही. दिसणारं नख म्हणजे मृत केराटिन, म्हणजे एक कडक प्रथिन. ऑक्सिजन आणि पोषण मुळाशी रक्तातूनच मिळतं.

नखं पातळ होतात ती बहुतेकदा जेल ओरबाडून काढल्यामुळे. त्या पापुद्र्याबरोबर नखाचा वरचा थरही निघतो आणि पांढरे, खरखरीत चट्टे उरतात. जेल काढायला अ‍ॅसिटोनमध्ये (नेलपॉलिश काढायचं द्रावण) भिजवलेला कापूस नखावर १०-१५ मिनिटं गुंडाळून ठेवा. सुटलं नाही तर पुन्हा गुंडाळा, पण खरवडू नका, कृपा करून! नंतर तेल लावा. बोटाचं नख महिन्याला साधारण ३ मिमी वाढतं, त्यामुळे खराब भाग पूर्ण जायला सहा महिने लागू शकतात.

नख दुखत असेल, सुटलं असेल किंवा हिरवट दिसत असेल, तर मात्र पॉलिश नकोच, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.