पडदा आणि ताण: गावोगाव फिरणाऱ्या एका संदेशाला उत्तर

गेल्या काही महिन्यांपासून आमच्या भागातल्या व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश फिरतो आहे आणि पडदा तपासायला आलेले रुग्ण तो मोबाइलवर काढून माझ्यापुढे धरतात. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: डोळ्याच्या पडद्याचे सगळे आजार मनाच्या ताणातून होतात, ताणाने स्वायत्त मज्जासंस्था (आपल्या इच्छेविना हृदय, रक्तवाहिन्या वगैरे चालवणारी नसांची यंत्रणा) बिघडते, तिच्या नसा पडद्याच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि पडदा उपाशी राहतो, तीन महिने प्राणायाम करून मन शांत ठेवले की पडदा पूर्ववत होतो, लेझरने पडदा जळतो आणि डोळ्यात औषध सोडणाऱ्या सुईने डोळा जातो, म्हणून त्या वाटेला जाऊ नये. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी आहे. या संदेशात एक गोष्ट खरी आहे, आणि ती खरी असल्यामुळेच बाकीचे खोटे लोकांच्या गळी उतरते, म्हणून सुरुवात तिच्यापासून करते.

ताणाशी नाते असलेला पडद्याचा एक आजार खरोखरच आहे. त्यात पडद्याच्या मध्यभागाखाली पाणी साचते. जर्मन नेत्रतज्ज्ञ आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी १८६६ मध्ये त्याचे वर्णन केले होते, आणि तो प्रामुख्याने तीस ते पन्नास वर्षांच्या पुरुषांत आढळतो. पोळ्याच्या आठवड्यात जवळच्या गावातला चाळिशीचा एक शेतकरी आला आणि म्हणाला, "मॅडम, उजव्या डोळ्यानं पऱ्हाटीचे तास वाकडे दिसून रायले." मी त्याच्या हाती चौकटींचा कागद दिला, डावा डोळा झाकायला सांगितला, तेव्हा मधल्या चार-पाच रेघा जिथे फुगलेल्या दिसत होत्या तिथे त्याने बोट फिरवून दाखवले. सोसायटीचे कर्ज थकलेले, मुलाच्या प्रवेशाचे पैसे भरायचे राहिलेले, असा ताण त्याला होताच. पण खोदून विचारल्यावर कळले की मांडीवरच्या गजकर्णासाठी तो चार महिन्यांपासून दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेले एक मलम चोळत होता. ट्यूब मागवून पाहिली, तर त्यात स्टेरॉइड होते.

या आजाराची जी कारणे आजवर पुढे आली आहेत त्यांत स्टेरॉइडचा पुरावा सर्वांत भक्कम आहे, मग ते गोळीतून गेलेले असो, सांधेदुखीच्या सुईतून असो, दम्याच्या पंपातून असो की कातडीवरच्या मलमातून. ताणाच्या काळात शरीर स्वतः जे कॉर्टिसॉल तयार करते तेही याच कुळातले असल्यामुळे ताणाचा धागा अगदीच निराधार म्हणता येत नाही. परंतु केवळ ताण शोधत बसणाऱ्याच्या नजरेतून ती ट्यूब निसटते. पडद्याच्या डॉक्टरांनी मलम बंद करायला लावले, गजकर्णासाठी दुसरे औषध दिले, आणि दिवाळीच्या सुमारास त्याच्या रेघा सरळ झाल्या.

संदेशातल्या "तीन महिन्यां"चे कोडेही इथेच उलगडते. हा आजार बहुतेकांत कोणताही उपचार न करता तीन-चार महिन्यांत ओसरतो. पहिल्या आठवड्यात ज्याने अनुलोम-विलोम सुरू केला तो बरे होण्याचे श्रेय अनुलोम-विलोमाला देणार, आणि ज्याने गावातल्या देवाला नवस केला तो नवसाला. असा माणूस खोटे बोलत नसतो, त्याचा अनुभव खराच असतो. पण तेवढ्या बळावर शुगरच्या रुग्णाला "तुझाही पडदा असाच सुधारेल" असे सांगणे ही घोर चूक आहे, कारण तो आजारच वेगळा आहे. शिवाय हे पाणी अनेकांत पुन्हा येते आणि फार काळ राहिले तर कायमची इजा करते, म्हणून बरे वाटल्यावरही तपासणी सोडू नये.

आता मज्जासंस्थेचा मुद्दा. पडद्याच्या मागे कोरॉइड नावाचा रक्तवाहिन्यांचा दाट थर असतो. डोळ्यात येणाऱ्या रक्ताचा फार मोठा वाटा याच थरातून वाहतो, आणि अनुकंपी (शरीराला सावध करणारे) व परानुकंपी (शांत करणारे) अशा दोन्ही स्वायत्त मज्जातंतूंचे जाळे त्याला लाभलेले आहे. वर सांगितलेल्या आजारात पाणी झिरपते तेही इथूनच. पडद्याच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. त्या दृष्टिमज्जेसोबत डोळ्यात शिरल्या की स्वायत्त तंतू त्यांच्याबरोबर पुढे येत नाहीत; रक्तातला प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड आणि रक्ताचा दाब यांच्या चढउतारानुसार त्या आपली रुंदी आपणच सांभाळतात. ताणलेल्या नसा पडद्याच्या रक्तवाहिन्या आवळतात हे वाक्य शरीररचनेच्या पहिल्याच पायरीवर चुकते.

मधुमेहात तर हे नाते नेमके उलटे असते. तिथे वाढलेली साखर स्वायत्त मज्जातंतूंना इजा करते. बारा-पंधरा वर्षे शुगर असलेल्या रुग्णाच्या डोळ्यात बाहुली मोठी करणारे थेंब टाकून वीस मिनिटे बाकावर बसवले, तरी बाहुली टाचणीच्या डोक्याएवढीच राहते आणि पुन्हा दोन-तीनदा थेंब टाकावे लागतात, हे आम्ही रोज पाहतो. मज्जासंस्था बिघडते हे खरे, पण ती साखरेने बिघडते आणि पडदाही त्याच साखरेने बिघडतो.

"सगळे आजार" हा शब्दप्रयोग मला सर्वांत जास्त खटकतो. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या कोयत्याच्या आकाराच्या रक्तपेशी पडद्याच्या कडेच्या बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि त्याचा त्या मुलांच्या चिंतेशी काही संबंध नाही. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचा पडदा किंवा वंशपरंपरेने येणारे रातांधळेपण यांबद्दल तर वेगळे सांगायलाच नको. मधुमेहाचा पुरावा मोजलेला आहे: टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवरील अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात साखर काटेकोर ठेवल्याने पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटल्याचे १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि टाइप २ मध्ये रक्तदाब काबूत ठेवल्यानेही पडदा वाचतो हे ब्रिटनमधल्या अभ्यासाने १९९८ मध्ये दाखवले. ताणाने अॅड्रेनलिन व कॉर्टिसॉल वाढते, त्यामुळे साखर आणि दाब वर जातो, हे मला मान्य आहे. पण मग तो ताण शुगरच्या आणि बीपीच्या आकड्यात दिसतो, आणि आकडा खाली आणायला गोळी लागते. ज्याच्या कापसाला भाव नाही त्या माणसाला "तू काळजी करतोस म्हणून तुझी नजर गेली" असे सांगणे म्हणजे त्याच्या डोक्यावर आणखी एक ओझे चढवणे आहे.

प्राणायामाला माझा विरोध नाही. झोप सुधारते, मन हलके होते, तो जरूर करावा. मात्र मधुमेहामुळे पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या उगवलेल्या असतील, तर श्वास कोंडून जोर लावण्याचे प्रकार आणि शीर्षासन डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. शीर्षासनात डोळ्याचा दाब सुमारे दुप्पट होतो.

लेझरने पडदा जळतो हे अर्धे खरे आहे. लेझर कडेच्या पडद्यावर मुद्दाम बारीक चटके देते, म्हणजे त्या भागाची प्राणवायूची मागणी घटते आणि रक्तस्राव करणाऱ्या नव्या वाहिन्या सुकतात. अंधारात थोडे कमी दिसते, बाजूची नजर किंचित घटते, ही त्याची किंमत आहे. त्या बदल्यात नजर पूर्णपणे जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने १९७६ मध्येच सिद्ध केले. डोळ्यातल्या सुईनंतर जंतुसंसर्ग होऊ शकतो, पण हजार सुयांत एकीलाही तो होत नाही.

गेल्या वर्षी एका काकूंना डाव्या डोळ्यासाठी लेझर सांगितले होते. घरच्यांनी हा संदेश वाचून नऊ महिने थांबायचे ठरवले. त्या परत आल्या तेव्हा डाव्या डोळ्यात रक्त उतरलेले होते आणि मागचा पडदा ओढला जाऊन सुटला होता. उजव्या डोळ्याचे लेझर मग तीन बैठकांत झाले. त्या डोळ्याने त्या चष्मा लावून अजून तांदूळ निवडतात, आणि डाव्या डोळ्यापुढे धरलेली बोटे त्यांना हातभर अंतरावरून कशीबशी मोजता येतात.