चौथी डाय आधीच्या चुका निस्तरत नाही

अमेरिकेत राहणाऱ्या आणि नेमबाजीचा नाद लागलेल्या मराठी मंडळींमध्ये सध्या एक सल्ला हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय असा: पिस्तुलाची काडतुसे घरी भरायची असतील तर चार डायचा म्हणजे साच्यांचा कार्बाइड (अतिकठीण संयुगाचा) संच आणि प्रोग्रेसिव्ह प्रेस (दांड्याच्या प्रत्येक ओढीत सगळे टप्पे एकदम करणारे यंत्र) एकदाच घ्यावा, कार्बाइड असल्यामुळे वंगण लागत नाही, गोळी बसवणे आणि क्रिम्प करणे या पायऱ्या वेगळ्या ठेवाव्यात, चौथी म्हणजे क्रिम्पची (गोळी बसवल्यावर काडतुसाच्या पितळी पुंगळीचे तोंड आवळणारी) डाय आधीच्या डायमधल्या चुका दुरुस्त करते, एकच संच .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम या दोन्ही प्रकारच्या काडतुसांना जसाच्या तसा चालतो, आणि पावडर यंत्रच मोजत असल्याने तराजू व कॅलिपर (लांबी-जाडी मोजायचे साधन) हा वायफळ खर्च आहे. मी गेली काही वर्षे टेक्ससमध्ये, गॅरेजमधल्या बाकावर, ९ मिमी आणि .४५ एसीपीची काडतुसे भरतो. या सल्ल्यातला काही भाग खरा आहे, पण जो खोटा आहे तो पिस्तुलाच्या नळीशी आणि हाताच्या बोटांशी संबंधित असल्यामुळे सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

आधी कायद्याचे, कारण हा सल्ला महाराष्ट्रातल्या नातेवाइकांपर्यंतही पोहोचला आहे. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला संघीय परवाना लागत नाही. ती विकण्याचा धंदा करायचा असेल तर लागतो. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवण्यासाठी परवाना आवश्यक आहे. त्यामुळे पुढचे सारे विवेचन अमेरिकेतल्या वाचकांसाठी आहे.

‘कार्बाइडला वंगण लागत नाही’ हे सरळ भिंतीच्या पुंगळ्यांबाबत बरोबर आहे. मात्र ९ मिमीची पुंगळी पूर्णपणे सरळ नसते. प्रमाणित मापांनुसार भरलेल्या काडतुसाचा व्यास बुडाशी ०.३९१ इंच आणि तोंडाशी ०.३८० इंच असतो; .४५ एसीपीमध्ये हाच फरक जेमतेम ०.००३ इंचांचा असतो. म्हणूनच .४५ च्या पुंगळ्या लोण्यासारख्या आत जातात आणि ९ मिमीच्या पुंगळ्यांना शेवटी दांडा जोर लावून ओढावा लागतो. दर काही पुंगळ्यांमागे एकीला वंगणाचा हलका हात लावला तरी काम पुष्कळ सुकर होते. .३५७ सिगसारख्या बाटलीच्या गळ्याच्या पुंगळीला तर कार्बाइड डाय असली तरी वंगण लागतेच. शिवाय कार्बाइड जितके कठीण तितकेच ठिसूळ असते. त्यामुळे डाय बसवताना तिचे तोंड आणि पुंगळीचे बूड धरणारा शेलहोल्डर यांच्यामध्ये कागदाच्या जाडीइतकी फट ठेवावी, असे बरेच उत्पादक सांगतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पिस्तुलाच्या काडतुसात गोळी पक्की धरून ठेवण्याचे काम क्रिम्प करत नाही. ते काम पहिल्या दोन डाय करतात: साइझिंग डाय पुंगळी आवळते, आणि एक्स्पांडर तिचे तोंड गोळीपेक्षा किंचित लहान राहील इतपतच रुंद करतो. ही पकड सैल असेल तर शेवटची डाय ती निर्माण करू शकत नाही, उलट बिघडवू शकते. काही क्रिम्प डायमध्ये तळाशी कार्बाइडचे कडे असते आणि भरलेले काडतूस त्यातून पुन्हा आवळले जाते. आवरण असलेल्या ०.३५५ इंचांच्या गोळीला त्याचा सहसा त्रास होत नाही. शिशाची गोळी मात्र साधारण ०.३५६ इंच किंवा त्याहून जाड असते, आणि त्या कड्यातून जाताना पुंगळीबरोबर तीही आत दाबली जाते. पितळ लवचीक असल्याने पुंगळी थोडी मागे उसळते; शिसे मऊ असल्याने दबलेलेच राहते. दोघांमधली पकड त्यामुळे आणखी ढिली होते.

हे मी बाकावर करून पाहिले आहे. अशा डायमधून काढलेले एक काडतूस हातोड्याच्या आकाराच्या पुलरमध्ये घालून आपटले आणि गोळी बाहेर काढून मोजली, तेव्हा आत जाताना ०.३५६ इंच व्यासाची असलेली गोळी ०.३५३ इंच भरली. दुसरे काडतूस गोळीच्या टोकाने बाकाच्या लाकडावर अंगठ्याच्या जोराने दाबले, तर त्याची लांबी १.१२५ वरून १.०९५ इंचांवर आली. पिस्तुलात हेच काडतूस फीड रँपवर (नळीकडे नेणाऱ्या उतारावर) आदळते तेव्हा गोळी अशीच मागे ढकलली जाऊ शकते. ९ मिमीच्या पुंगळीत मुळात जागा कमी आणि कमाल सरासरी दाबाची मर्यादा ३५,००० पीएसआय म्हणजे पौंड प्रति चौरस इंच (.४५ एसीपीची २१,००० आहे), त्यामुळे गोळी थोडी जरी आत सरकली तरी दाब झपाट्याने वाढतो. यावरचा उपाय शेवटच्या डायमध्ये नसून शिशाच्या गोळीच्या मापाचा एक्स्पांडर घेण्यात आणि साधी टेपर क्रिम्प डाय (तोंडाची कड आत न वळवता नुसती आवळणारी) वापरण्यात आहे. गोळी बसवणे आणि क्रिम्प करणे या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवाव्यात, हा त्या सल्ल्यातला भाग मला पूर्ण मान्य आहे.

क्रिम्पच्या प्रकाराबद्दल सल्ला गप्प आहे. ९ मिमी आणि .४५ एसीपीची काडतुसे चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीत) पुंगळीच्या तोंडाच्या कडेवर टेकतात. ती कड रोल क्रिम्पने आत वळवली तर टेकायला आधारच उरत नाही. .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम रिमवर म्हणजे बुडाच्या बाहेर आलेल्या कडेवर टेकतात, म्हणून तिथे गोळीच्या खाचेत वळवलेली रोल क्रिम्प योग्य ठरते. या दोन्हींना एकच संच चालतो हे खरे, पण एकीची पुंगळी १.१५५ आणि दुसरीची १.२९० इंच लांब असल्याने एक्स्पांडर, सीटिंग (गोळी बसवणारी) आणि क्रिम्प या तिन्ही डाय नव्याने लावाव्या लागतात.

राहिला प्रेस आणि तराजू. पावडर मेजर वजन करत नाही, आकारमान मोजतो. पिस्तुलाच्या जलद जळणाऱ्या पावडरींचा भार कित्येकदा पाव ग्रॅमच्या आसपास असतो, आणि ९ मिमीच्या पुंगळीत तसे दोन भार सहज मावतात, बाहेर सांडतही नाहीत. डिलन ५५० सारख्या प्रोग्रेसिव्ह प्रेसची शेलप्लेट (पुंगळ्या एका डायखालून पुढच्या डायखाली नेणारी चकती) हाताने फिरवावी लागते. मध्येच मुलाने हाक मारली आणि ती फिरवायची राहून गेली, तर त्याच पुंगळीत दुसरा भार पडतो. भार पडलाच नाही तर गोळी नळीत अडकते आणि पुढची गोळी झाडल्यावर नळी फुटू शकते. एकटप्पी प्रेसवर पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून त्यांच्यावर बॅटरीचा झोत टाकला, की पावडरीची पातळी एका नजरेत दिसते. नवख्याने पहिली काही शेकडा काडतुसे याच पद्धतीने भरावीत असे माझे ठाम मत आहे.

पैसे मर्यादित असतील तर प्रोग्रेसिव्ह प्रेस पुढच्या वर्षावर ढकलावा आणि आधी तराजू, त्याचे तपासणी-वजन, कॅलिपर, पुलर आणि पावडर उत्पादकाचे चालू भारकोष्टक घ्यावे. भरलेले काडतूस पिस्तुलातून सोडवलेल्या नळीत टाकून पाहायला वेगळा खर्च येत नाही: ते टप्पकन बसले पाहिजे, बोटाने गोल फिरले पाहिजे आणि नळी उलटी केल्यावर आपोआप बाहेर पडले पाहिजे.